माजी विद्यार्थी संघ उभा करायचाय? आधी यंदाच्या दहावीकडे बघा

मॅडम, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जव्हारच्या बाजूला एका अनुदानित आश्रमशाळेच्या, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेच्या, तुम्ही मुख्याध्यापिका आहात, पहिली ते दहावी मिळून अडीचशेच्या आत मुलं. पुढच्या वर्षी शाळेला २५ वर्षं होतील म्हणून संस्थाचालकांना माजी विद्यार्थी संघ नोंदवायचा आहे आणि त्यातून देणग्या उभ्या करायच्या आहेत. दोन मेळावे झाले, दोन्ही वेळा आसपासच्या पाड्यांवरचे वीसएक जण आले. तुम्ही विचारता, या मुलांना शाळेबद्दल आपलेपणाच नाही का, आणि सुरुवात करायची तर कुठून? माझी सगळी नोकरी निवासी शाळांत गेली, आधी अधीक्षक म्हणून, नंतर मुख्याध्यापक म्हणून. त्या जोरावर लिहितो.

आपलेपणा नाही असं मला वाटत नाही. माजी विद्यार्थी शाळेत येत नाहीत हेही तितकंसं खरं नाही. ते येतात, पण मेळाव्याच्या मांडवात नाही, कारकुनाच्या टेबलाशी. कुणाला शाळा सोडल्याचा दुबार दाखला हवा असतो, कुणाला प्रवेश-निर्गम उतारा, कुणाला पोराच्या जात पडताळणीसाठी स्वतःच्या नोंदीची साक्षांकित प्रत. पडताळणी समितीपुढे वडिलांकडच्या नातेवाइकांचे शाळेचे उतारे किती महत्त्वाचे असतात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीतल्या, एका ओळीवर एखाद्या घरातल्या मुलीचं नर्सिंगचं अॅडमिशन अडलेलं असतं. आता हा माणूस कसा येतो ते बघा. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून नाहीतर वसईच्या बांधकामावरून, एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून तो दुपारी पोचतो. बाहेरच्या बाकावर बसतो. आणि त्याला ऐकायला मिळतं, "मोठ्या मॅडम मीटिंगला गेल्यात, उद्या या."

मॅडम, माझ्या लेखी हाच तुमचा माजी विद्यार्थी विभाग आहे. ज्याला हे उत्तर मिळालं, त्याला वर्षभराने छापील निमंत्रणपत्रिका धाडून उपयोग नाही. म्हणून पहिलं काम तिथे करा. माजी विद्यार्थ्याचा उतारा त्याच दिवशी मिळालाच पाहिजे. तुम्ही नसाल तर प्रभारींना सहीचे लेखी अधिकार देऊन ठेवा. तो थांबला असेल तेवढ्यात त्याला चहा द्या, जेवणाची वेळ असेल तर पंगतीला बसवा. आणि कारकुनाच्या टेबलावर एक जाड वही ठेवा: नाव, शाळा सोडल्याचं वर्ष, पाडा, सध्या काय करतो, आणि न बदलणारा एक फोन नंबर. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. पोरांची सिमकार्डं सहा महिन्यांत बदलतात. म्हणून त्याच्या नंबरसोबत घरच्या कुणाचातरी, नाहीतर पाड्यावरच्या आशाताईंचा किंवा दुकानदाराचा नंबर विचारून घ्या. आमच्या शाळेत ही वही सुरू झाली आणि पुढे जे काही उभं राहिलं ते त्या वहीतूनच उभं राहिलं. व्हॉट्सअॅपचा मोठा ग्रुप मी तुम्हाला सुचवणार नाही. तो शुभेच्छांच्या चित्रांनी भरतो आणि कामाचा निरोप त्यात बुडतो. बॅचनिहाय छोटे ग्रुप मुलांनी आपले आपण केलेले असतात, त्यांतल्या एकेकाला हाताशी धरा.

आता आपलेपणाबद्दल. तो शाळा सुटल्यावर तयार करता येत नाही. तो होतो पहिलीत, जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या त्या पहिल्या पंधरवड्यात, आणि तिथेच बिनसतोही. पत्र्याची पेटी घेऊन आलेलं सहा वर्षांचं पोर. बाप दुपारच्या गाडीने निघून गेलेला. घरी वारली नाहीतर कातकरी बोली, आणि इथे सगळे प्रमाण मराठीत बोलतात. त्याला लघवीला जायचंय हे सांगायलाही शब्द सापडत नाहीत. अशा वेळी त्याच्याच बोलीतलं एक मोठं मूल त्याच्या शेजारच्या अंथरुणावर असणं ही मला सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. आठवी-नववीतल्या मुलामुलींना तुम्ही हे काम नेमून द्या, नुसतं "लक्ष ठेवा" म्हणू नका. पेटीची किल्ली कुठे ठेवायची, आंघोळीला कधी जायचं, रात्री भीती वाटली तर कुणाला उठवायचं, हे त्याने शिकवायचं. दिवाळीनंतर मात्र अंथरुणं बदला, पाडे मिसळा, नाहीतर शाळेत गावागावांचे कोंडाळे तयार होतात. ज्याने लहानपणी कुणाचा हात धरला आणि मोठेपणी कुणाला धरू दिला, तोच बाहेर पडल्यावरही मागे वळून बघतो. इतकी वर्षं बघून माझं हे मत पक्कं झालं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती कुणी बोलत नाही. तुमच्या मेळाव्याला आलेल्या वीस जणांची यादी काढा आणि त्यात कातकरी किती ते मोजा. आपल्याकडच्या शाळांत वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशी सगळ्या जमातींची मुलं असतात, पण कातकरी मूल बहुतेक ठिकाणी रांगेत शेवटी उभं असतं. त्याला चिडवतात, त्याच्या ताटाशेजारी बसायला टाळतात, चोरी झाली की आधी त्याची पेटी उघडतात. घर वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर, त्यामुळे सुट्टीत न्यायलाही कुणी येत नाही. ही मुलं पाचवी-सहावीतच गळतात. ती आली नाहीत तर शाळेवर रागावून आली नाहीत असंही नसतं; ही जागा आपली होती असं त्यांना कधी वाटलंच नाही. याचा इलाज वसतिगृहात करावा लागतो, आजच्या मुलांसोबत, आणि तो मुख्याध्यापिकेनेच करावा लागतो. पंगतीत तुम्ही स्वतः कुणाच्या शेजारी बसता हे पोरं बरोबर बघतात.

आपल्या महाराष्ट्रात हे कुणी केलंच नाही असं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली, कारण त्या काळात मुलांना शहरात राहायला-जेवायला जागाच मिळत नव्हती. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग चालवलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत आणि एकाच चुलीवरचं जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. पण मला तुमचं लक्ष वेधायचंय ते पुढच्या गोष्टीकडे. कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था वाढली ती बाहेरून आणलेल्या माणसांवर नव्हे, याच बोर्डिंगातून शिकून परत आलेल्या मुलांवर. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांच्यातले. बोर्डिंगात वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ही मुलं परत का आली? माझं उत्तर असं की ती तिथे पाहुणी म्हणून राहिली नव्हती. शेतात राबली होती, पाणी भरलं होतं, स्वयंपाकाला हात लावला होता. शाळेवर त्यांची मालकी होती. तुमच्याकडे कामाठी, म्हणजे वसतिगृहातली वरकामं करणारे, आहेत, स्वयंपाकी आहेत आणि मुलांकडून कामं करून घेतली की तक्रार होते, तीही रास्त. पण परसबाग, ग्रंथालयाची देवघेव, आजारी मुलाची सोबत, जेवणाचा आठवड्याचा बेत ठरवणं, एवढं तरी खरोखर त्यांच्या हाती द्या. बेत ठरवण्यात मुलांचं म्हणणं ऐकलं जातं हे कळलं की पोरं बदलतात.

आता मुख्य मुद्दा. देणग्या, कमान, रौप्यमहोत्सव हे सगळं बाजूला ठेवून मी तुम्हाला एकच काम सांगेन: दहावीचा निकाल लागल्यापासून पुढचे तीन महिने. दहा वर्षं ज्या मुलाचं उठणं, जेवणं, झोपणं शाळेच्या घंटेवर चाललं, ते निकालाच्या दिवशी एकदम मोकळ्यावर येतं. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. आयटीआयचा अर्ज ऑनलाइन. आदिवासी विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन. पुढे बारावीनंतर वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात, पण त्यालाही अर्ज, बँक खात्याला आधार जोडलेलं, उत्पन्नाचा दाखला, आणि पैसे हातात पडायला वेळ. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. आणि हे सगळं करायचं कुणी? पाड्यावर रेंज नाही, आईबाप आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गडबडीत, मुलगा लाजाळू. एक ओटीपी आला नाही म्हणून वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत. जुलैत ती गवंड्याच्या हाताखाली दिसतात आणि मग पुन्हा पुस्तकाकडे वळत नाहीत.

इथे माजी विद्यार्थ्याची किंमत कळते. नाशिकला वसतिगृहात राहून बारावी करणारी तुमचीच मुलगी, पालघरला आयटीआय केलेला तुमचाच मुलगा, त्यांनी हे सगळं वर्षा-दोन वर्षांपूर्वीच केलेलं असतं. कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे अर्ज नीट भरून मिळतो, कुठल्या वसतिगृहाचे गृहपाल सरळ बोलतात, पहिल्या महिन्याचे मेसचे पैसे कुठून आणायचे, हे त्यांना तोंडपाठ असतं. तेव्हा जानेवारीतच यंदाच्या दहावीतल्या प्रत्येक मुलामागे गेल्या चार-पाच वर्षांतला एक माजी विद्यार्थी लावून द्या. मुलीमागे मुलगीच. दहावीचा वर्ग तुमच्याकडे पंचवीस-तीसचा असेल. एवढे माजी विद्यार्थी त्या टेबलावरच्या वहीतून सहज मिळतात. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर दोन दिवस त्यांना बोलवा, शाळेच्या संगणकावर कागद तपासा: जातीचा दाखला आहे का, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतं का, खातं चालू आहे का. नावातला फरक तेव्हाच सापडला तर दुरुस्त होतो, जूनमध्ये सापडला तर रडारड होते. मग निकालापासून ऑगस्टअखेरपर्यंत त्या माजी विद्यार्थ्याने आठवड्याला एक फोन करायचा आणि वर्गशिक्षकांना कळवायचं. यात पैसा जवळजवळ लागत नाही. आणि ज्याने एका मुलाला असं पार करून दिलं, तो संघाचा सभासद झालाच म्हणून समजा, पावती फाडली असो वा नसो.

मोठ्या पदावरच्या माणसाला व्यासपीठावर बसवून तासभर भाषण करायला लावण्यापेक्षा छोटी कामं द्या. पोलिसात भरती झालेला मुलगा असेल तर त्याने रविवारी मैदानावर यावं, मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर कसं धावतात, गोळा कसा फेकतात, लेखीला काय विचारतात ते दाखवावं. नर्स झालेल्या मुलीने सात-आठ मुलींबरोबर बसून आपला दिवस कसा जातो ते सांगावं. आणि हो, भट्टीवर मुकादम झालेला, रिक्षा चालवणारा, मोगऱ्याची नाहीतर मिरचीची शेती करणारा, यांनाही त्याच मानाने बोलवा. शाळा फक्त नोकरीवाल्यांचा सत्कार करते हे एकदा कळलं की बाकीचे ऐंशी टक्के येणं बंद करतात, मग मेळाव्याला वीसच दिसतात.

मेळावा कधी घ्यायचा? २६ जानेवारीला नको. तेव्हा तुमचा निम्मा पाडा भट्ट्यांवर असतो. आपल्या भागात माणूस कुठेही असला तरी होळीला घरी येतोच. होळीनंतर शाळेत मुलं लवकर परतत नाहीत, शिक्षकांना पाड्यापाड्यावर फिरून आणावी लागतात, हीही आपली दरवर्षीची कटकट. मग ही दोन्ही कामं एकत्र करा. धुळवडीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मेळावा ठेवा आणि माजी विद्यार्थ्यांना सांगा की येताना आपल्या पाड्यावरची पोरं घेऊन या. दहावीची परीक्षा चालू असेल, तेव्हा लाउडस्पीकर नको, ढोल नको. एक पंगत आणि गप्पा पुरे. निमंत्रणात शाळा सोडून गेलेल्या कामाठीमामांची आणि स्वयंपाकीणमावशींची नावं आधी घाला. मुलं आमच्याकडे आली की पहिला प्रश्न असायचा, "मावशी आहेत का अजून?" गणिताच्या सरांची चौकशी नंतर.

'माजी विद्यार्थी' म्हणजे दहावी पास, अशी अट घटनेत घालू नका. जे मूल तीन वर्षं तुमच्या पंगतीत जेवलं आणि सहावीत सुटलं, ते तुमचंच आहे. मुलींच्या बाबतीत जास्त जागरूक राहा. लग्नानंतर नाव बदलतं, गाव बदलतं, नंबर नवऱ्याचा असतो, आणि पाच वर्षांत यादीत फक्त मुलगे उरतात. वहीत माहेरचं नाव, माहेरचा पाडा आणि आईचा किंवा भावाचा नंबर हवाच. मेळाव्याला येताना त्या कडेवर पोर घेऊन येणार. त्यांना बसायला सावलीची खोली, पाळण्याला एखादी साडी, एवढी सोय केली तर पुढच्या वेळी दुप्पट मुली येतील.

आता थोडं कडू. जे परत येतील त्यांतल्या काहींच्या मनात मार असेल, उपास असेल, अपमान असेल. त्यांना व्यासपीठावर शाळेचं कौतुक करायला लावू नका. वेगळं बसून ऐका, मध्ये बोलू नका, "तेव्हा परिस्थितीच तशी होती" असं म्हणून गप्प बसवू नका. आणि आज वसतिगृहात असलेल्या कुठल्याही मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याचं तुमच्या कानावर आलं, तर तो विषय संस्थेच्या बैठकीत न्यायचा नसतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे.

त्याच कारणाने माजी विद्यार्थ्यांनाही शिस्त हवी. माणूस कितीही आपला असला तरी वसतिगृहात मुक्काम नाही, मुलामुलींशी बंद खोलीत एकट्याने बोलणं नाही, एखाद्याच मुलाला परस्पर मोबाइल किंवा पैसे देणं नाही, मुलांचे फोटो स्टेटसला टाकणं नाही. फाटकावर नोंद, सोबत एक शिक्षक किंवा अधीक्षिका. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सारखं सांगितलं तर कुणाला राग येत नाही. नंतर एकट्याला सांगितलं की येतो. वर सांगितलेले आठवड्याचे फोनही पालकांना विचारूनच आणि वर्गशिक्षकांना माहीत ठेवूनच व्हावेत.

पैशांचं शेवटी लिहितो, कारण ते शेवटीच यावं असं मला वाटतं. पहिल्या दोन वर्षांत वर्गणी मागू नका. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराच्या पगारावर आधी धाकट्या भावंडांचं शिक्षण, घराचं छप्पर, बापाचं कर्ज असतं. मागायची वेळ येईल तेव्हा अनुदानात न बसणाऱ्या नेमक्या गोष्टीसाठी मागा: प्रवेशासाठी लागणारं एसटीभाडं, चष्मे, वसतिगृहाचे पैसे येईपर्यंत पहिल्या महिन्याची मेस. कमानीला आणि पुतळ्याला पैसे लवकर जमतात हे मला माहीत आहे, तरी मी तो मोह टाळा असंच म्हणेन. खातं बँकेत, दोन सह्यांचं, आणि त्यांतली एक सही माजी विद्यार्थ्याची. दरवर्षी पंगतीआधी हिशेब मोठ्याने वाचून दाखवा, अगदी झेरॉक्सच्या पैशांपर्यंत.

नोंदणीची घाई नको. नोंदणी करायचीच झाली तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातच. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. हे बदल अर्ज वेळेवर न दिल्यामुळे कागदावर जुनीच कार्यकारिणी राहते आणि खातं अडकून पडतं, असे संघ जिल्ह्याजिल्ह्यात सापडतील. देणगीदाराला आयकरात सूट हवी असेल तर लोक ज्याला ८०जी म्हणतात ती मान्यता वेगळी घ्यावी लागते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. संस्थाचालकांच्या ओळखीचे कुणी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले देणगी देतो म्हणाले, तर विदेशी योगदान कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय तो पैसा घेऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो प्रश्न येत नाही. तुमच्या आकाराच्या शाळेला पहिली तीन-चार वर्षं नुसती वही, अकरा जणांची समिती आणि शाळेच्या संस्थेतच वेगळं खातं एवढं पुरतं.

रौप्यमहोत्सवासाठी काहीतरी दिसणारं काम हवंच असा संस्थेचा आग्रह असेल, तर जनरल रजिस्टर हातात घ्या. २५ वर्षांत त्याची पहिली पानं सुटली असतील, कडा वाळवीने नाहीतर ओलीने खाल्ल्या असतील. ते नीट बांधून घ्या, पान न् पान स्कॅन करा, एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवा आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. खर्च एका कमानीच्या पायाइतकाही येणार नाही. माजी विद्यार्थ्यांना याचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही, आणि पहिली देणगी मागायचीच असेल तर ती यासाठी मागा.